बळ वेगळं, बांधा वेगळा

आमच्या गावाच्या नावातच लोह आहे. लोहारा. हे नाव कशावरून पडलं या वादात मी शिरत नाही. पण हल्ली गावातल्या तरुण पोरांना लोखंडाचा जो नाद लागला आहे, तो पाहिला की नाव शोभून दिसतं. पूर्वी इकडच्या गावांमधून तालीम असायची. तेल-ताक टाकून मऊ केलेली तांबडी माती, भिंतीवर बजरंगबली, कोपऱ्यात मुद्गलांची जोडी आणि दारात वस्ताद. त्या मातीत उतरताना कुणी कुणाला जात विचारली नाही. आमच्या मोहल्ल्यातली पोरंही बजरंगबलीच्या तसबिरीखालीच जोर मारायची. आता तालुक्याच्या गावालाही जिम आली. मातीच्या जागी रबरी चटई आली आणि वस्तादाच्या जागी आरसा.

माझा भाचा पॉवरलिफ्टिंग करतो आणि त्याचा जिगरी दोस्त बॉडीबिल्डिंग करतो. दोघं एकाच मोटारसायकलवर एकाच जिमला जातात, एकाच वेळी परततात. घरी आले की एक जण भाकरी मोजून खातो, दुसरा मोजतच नाही. मी दोघांना ‘पैलवान’ म्हणून हाक मारली तर भाचा म्हणतो, “मामू, त्याचं नि माझं एकच काय लावलंत? आमचा खेळच वेगळा आहे.” मी पडलो कविता करणारा माणूस. माझ्या दंडाचं माप सांगण्यासारखं नाही. पण शब्दाचा अर्थ नीट लागल्याशिवाय मला झोप येत नाही, म्हणून या दोन शब्दांच्या मागे लागलो. पोरांना विचारलं, थोडं वाचलं, जिमच्या बाकावर बसून पाहिलं. त्यातलं आज आपल्याला सांगतो.

आधी शब्दांचा घोळ निस्तरू. वजन उचलण्याचे खेळ खरं तर तीन आहेत, आणि आपण तिन्हींची खिचडी करतो. ऑलिंपिकमध्ये जो दिसतो तो वेटलिफ्टिंग. त्यात बार जमिनीवरून थेट डोक्यावर न्यायचा असतो, एकदा एका झटक्यात आणि एकदा दोन टप्प्यांत. सांगलीच्या संकेत सरगरनं २०२२ साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ५५ किलो गटात २४८ किलो उचलून रौप्यपदक घेतलं, सुवर्ण अवघ्या एका किलोनं हुकलं, तो हा खेळ. मावळातल्या वडगावच्या हर्षदा गरुडनं त्याच वर्षी ग्रीसमध्ये ज्युनियर जागतिक स्पर्धेचं सुवर्णपदक जिंकलं, तेही यातच. कोल्हापूर जिल्ह्यातलं कुरुंदवाड हे तर या खेळाचं माहेरच. २०१४च्या ग्लासगो राष्ट्रकुलमध्ये त्या एका गावच्या तीन पोरांनी पदकं आणली.

पॉवरलिफ्टिंग निराळं. त्यात डोक्यावर काही न्यायचं नसतं. तीनच प्रकार. खांद्यावर बार घेऊन बैठक मारायची आणि उठायचं, तो स्क्वॉट. बाकावर उताणं पडून बार छातीला टेकवायचा आणि वर ढकलायचा, ती बेंच प्रेस. जमिनीवरचा बार धरून सरळ उभं राहायचं, ती डेडलिफ्ट. प्रत्येकाला तीन-तीन संधी. तिन्ही प्रकारांतल्या सगळ्यात मोठ्या वजनांची बेरीज करायची. ज्याची बेरीज मोठी तो पहिला. याची जागतिक संघटना १९७२ साली स्थापन झाली. ऑलिंपिकमध्ये याला अजून जागा नाही. पॅरालिंपिकमध्ये मात्र बेंच प्रेस आहे, आणि २००४ साली अथेन्सला राजिंदरसिंग राहेलू यांनी त्यात आपल्या देशाला कांस्यपदक मिळवून दिलं होतं.

तिसरा खेळ बॉडीबिल्डिंगचा. मराठीत त्याला फार देखणा शब्द आहे, शरीरसौष्ठव. या स्पर्धेत वजन उचलायचंच नसतं, हे ऐकून आमच्या जुन्या मंडळींना नवल वाटतं. मंचावर चड्डी घालून, अंगाला रंग-तेल लावून उभं राहायचं आणि ठरावीक पवित्रे घेऊन स्नायू दाखवायचे. पंच पाहतात ते स्नायूंचा आकार, त्यांचा परस्परांशी मेळ आणि कातडीखाली चरबी किती कमी उरली आहे ते. अशी पहिली मोठी स्पर्धा युजेन सँडो नावाच्या गृहस्थांनी १९०१ साली लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये भरवली. पंचांमध्ये शेरलॉक होम्सचे जनक आर्थर कॉनन डॉयल होते. हे सँडो पुढे हिंदुस्थानातही येऊन गेले. आपण दुकानात जाऊन बिनबाह्यांचं ‘सँडो बनियन’ मागतो ना, त्यात त्यांचंच नाव उरलं आहे. महाराष्ट्रात या खेळाला घरोघर नाव मिळालं ते मुंबईच्या व्यायामशाळांमुळे आणि कोल्हापूरमुळे. कोल्हापूरच्या सुहास खामकरनं २०१० साली ‘मिस्टर एशिया’ किताब आणला तेव्हा त्याचे फोटो आमच्याकडच्या सलूनमध्येही लागले होते.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. बार तोच, प्लेटा त्याच, घाम तोच. मग सरावात फरक कुठे पडतो?

अडत बाजारात हमाल पाहा. क्विंटलचं पोतं पाठीवर घेऊन तो फळीवरून ट्रकमध्ये चढतो. त्याचा दंड पाहाल तर फार मोठा नसतो. त्याच्याजवळ असते ती सवय. कोणत्या क्षणी श्वास रोखायचा, कंबर कुठे ताठ ठेवायची, पाय कुठे रोवायचा हे त्याच्या अंगाला पाठ झालेलं असतं. आपल्या स्नायूत हजारो तंतू असतात आणि एरवी त्यातले थोडेच कामाला लागतात. जड वजनाचा सराव झाला की मेंदू आणि मज्जातंतू एकाच वेळी जास्त तंतूंना हाक द्यायला शिकतात. म्हणून नव्यानं सराव सुरू केलेल्या पोराचं बळ पहिल्या काही आठवड्यांत झपाट्यानं वाढतं आणि दंडाची टेप मात्र हलत नाही. पोरं निराश होतात. खरं तर आत काम चाललेलं असतं.

पॉवरलिफ्टर हेच कसब वाढवतो. त्याचे मुख्य व्यायाम तेच तीन, आणि त्यांना आधार देणारे काही. एखाद्याला जास्तीत जास्त १५० किलो उचलता येत असेल तर तो सरावात १२५-१३० किलो लावतो आणि एका दमात तीन-चार वेळाच उचलतो. मग बसतो. तीन मिनिटं, पाच मिनिटं. बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं, हा नुसता गप्पा मारतोय. पण एकदम जोर लावायला स्नायूत जो तयार साठा असतो, तो दहाएक सेकंदांत उतरतो आणि पुन्हा भरायला काही मिनिटं घेतो. तो भरण्याआधी पुन्हा बारला हात घातला तर वजन कमी उचललं जातं. भाचा वहीत प्रत्येक दिवसाचं वजन लिहून ठेवतो. आठवड्याला अडीच किलो वाढले तरी त्याला ईद झाल्यासारखी वाटते. दर महिना-दीड महिन्यानं एक आठवडा तो मुद्दाम हलका व्यायाम करतो. त्याच्या अम्मीला वाटतं, पोरानं आळस केला.

त्याचा दोस्त निराळ्या हिशेबानं चालतो. त्याला बळ हवं असतं, पण ते साधन म्हणून. आज छाती आणि दंडाचा मागचा भाग, उद्या पाठ, परवा पाय, असे त्यानं अंगाचे वार लावून घेतलेले असतात. वजन मध्यम, एका सेटमध्ये आठ ते बारा वेळा, कधी पंधरा-वीसही. मध्ये विश्रांती मिनिट-दीड मिनिट. एकेका स्नायूसाठी स्वतंत्र व्यायाम. खांद्याचा मागचा भाग मागे पडला तर तेवढ्यासाठी वेगळा डंबेल. तो आरशात सारखा पाहतो म्हणून लोक हसतात; पण त्याचा आरसा म्हणजे आमच्या भाषेत खर्डाच आहे. कुठे कमी, कुठे जास्त, ते त्याला तिथेच कळतं. पवित्रे घेण्याचा सरावही तो रोज करतो. एकेक पवित्रा स्नायू आवळून अर्धा मिनिट धरून पाहा, चेहरा हसरा ठेवून. मी एकदा करून पाहिला आणि दुसऱ्या दिवशी पेन धरताना हात थरथरला.

पण दोघांमधली भिंत लोक समजतात तेवढी उंच नाही. २०१४ साली अमेरिकेत एक अभ्यास प्रसिद्ध झाला. आधीपासून व्यायाम करणाऱ्या तरुणांचे दोन गट केले. एका गटानं जड वजनाचे सात सेट तीन-तीन वेळा मारले, दुसऱ्यानं मध्यम वजनाचे तीन सेट दहा-दहा वेळा. आठ आठवड्यांनी मोजलं तर दंडाच्या स्नायूची जाडी दोन्ही गटांत जवळजवळ सारखीच वाढली होती. बळ मात्र जड वजनवाल्यांचं जास्त वाढलं. आणि त्यांना रोज तासाच्या वर वेळ द्यावा लागला. मध्यम वजनवाल्यांचं काम वीस मिनिटांच्या आत उरकत होतं. थोडक्यात, स्नायू दमेपर्यंत काम केलं तर तो अनेक वाटांनी वाढतो. कमाल वजन उचलायचं असेल तर मात्र जड वजनाशीच दोस्ती करावी लागते. रॉनी कोलमन हे नाव पोरांच्या तोंडी असतं. १९९८ ते २००५ अशी सलग आठ वर्षं ते ‘मिस्टर ऑलिंपिया’ होते. मुळात ते पॉवरलिफ्टर. ३६० किलोंच्या पुढचा स्क्वॉट मारत. पुढे त्यांच्या पाठीवर अनेक शस्त्रक्रिया झाल्या आणि त्यांना कुबड्यांच्या आधारानं चालावं लागलं. त्यांचा मारलेला स्क्वॉट पोरांच्या मोबाईलवर असतो, कुबड्यांचा फोटो नसतो.

आता ताटाकडे वळू, कारण खरी काळजी आणि खरा खर्च तिथेच आहे.

स्नायू घडतो प्रथिनांनी, दोन्ही खेळांत. सर्वसाधारण हिशेब असा की जोरदार व्यायाम करणाऱ्यानं शरीराच्या दर किलोमागे रोज दीड ते दोन ग्रॅम प्रथिनं खावीत. सत्तर किलोच्या पोराला सुमारे ११० ग्रॅम पुरतात. यासाठी डबा हवाच, असं दुकानदार सांगतो. आपण आपल्या चुलीवर हिशेब करून पाहू. ज्वारीच्या तीन भाकरी, वीस ग्रॅम. वाटीभर घट्ट तुरीचं वरण, म्हणजे साठ ग्रॅम डाळ, तेरा ग्रॅम. अर्धा लिटर दूध, सोळा. तीन अंडी, अठरा. मूठभर शेंगदाणे, दहा. साठ ग्रॅम फुटाणे, बारा. चाळीस ग्रॅम सोयावड्या, वीस. बेरीज १०९ होते. रेडिओवर बोलताना आकडे कमी सांगावेत असं म्हणतात, पण ही बेरीज आयांनी लिहून घ्यावी म्हणून मुद्दाम सांगितली. आठवड्यातून एकदा आपल्या उस्मानाबादी शेळीचं मटण झालं तर ते वरकड.

आणखी एक हिशेब. प्रथिनांच्या चांगल्या पावडरचा दोन किलोचा डबा आज पाच हजारांच्या आसपास किंवा पुढेच जातो. त्यात प्रथिनं असतात दीड किलोच्या आसपास. २०२५-२६च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये होता, आणि बाजारात तेवढाही मिळाला नाही म्हणून शेतकरी रडले. त्या एका क्विंटलमध्ये पस्तीस-चाळीस किलो प्रथिनं असतात. म्हणजे बाप एक पोतं सोयाबीन विकतो आणि पोरगा त्या पैशाचा एक डबा आणतो. पावडर हे विष नाही, ते दुधाचंच पाणी वाळवलेलं आहे. ज्याला परवडतं, ज्याला वेळ नाही, त्यानं खुशाल घ्यावं. सोयाबीन मात्र कच्चं खाऊ नये, नीट शिजवावं किंवा वड्या वापराव्यात. कच्च्या दाण्यात प्रथिनं पचू न देणारा घटक असतो. आणि ज्यांना मूत्रपिंडाचा विकार आहे त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय प्रथिनं वाढवू नयेत.

इथपर्यंत दोघांचं ताट सारखंच. फरक भाकरी-भातात आणि तेलात पडतो. पॉवरलिफ्टरला जोर हवा, आणि तो येतो भाकरी, भात, बटाटा, गूळ यांतून. पोटावर दोन बोटं चरबी असली तरी त्याचं गुणपत्रक बिघडत नाही. त्याला सांभाळायचा असतो तो फक्त आपला वजनगट. स्पर्धेत वजन साधारण दोन तास आधी होतं. वजन झालं की गूळ-केळी खाऊन तो बारकडे जातो.

बॉडीबिल्डरचं वर्ष दोन तुकड्यांत विभागलेलं. आधी काही महिने भरपूर खाऊन अंग भरायचं. पोरं त्याला ‘बल्किंग’ म्हणतात. मग स्पर्धेआधी तीन-चार महिने ‘कटिंग’. भाकरी मोजून, भात मोजून, तेल थेंबानं. प्रथिनं तशीच किंवा थोडी जास्त, बाकी सगळं हळूहळू कमी. आठवड्याला शरीराच्या वजनाच्या अर्धा ते एक टक्का एवढीच घट असावी. त्याहून घाई केली तर चरबीबरोबर कमावलेला स्नायूही जातो. शेवटच्या आठवड्यांत हे पोरगं चिडकं होतं, झोप उडते, बळही उतरतं. मंचावर जो सर्वांत बलदंड दिसतो, तो त्या दिवशी वर्षातला सर्वांत अशक्त असू शकतो. हे मला कळलं तेव्हा मी त्या पोराकडे वेगळ्या नजरेनं पाहायला लागलो. रमजानमध्ये आमच्याकडे भाचा इफ्तारनंतर तासाभरानं हलका सराव करतो आणि सहेरीला दूध-अंडी खातो. दोस्त म्हणतो, “चाचा, माझा तर बाराही महिने रोजाच आहे, फरक एवढाच की मला इफ्तार नाही.”

धोका कुठे आहे, ते आता स्पष्ट बोलतो. कातडी पातळ दिसावी म्हणून काही जण शेवटच्या दिवसांत पाणी तोडतात, लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेतात. १९९२ साली मोहम्मद बेनाझिझा हा नावाजलेला शरीरसौष्ठवपटू युरोपात स्पर्धा जिंकून त्याच रात्री गेला. शरीरातलं पाणी आणि क्षार बिघडले की हृदय थांबतं, त्याला दंडाचा घेर विचारात घेता येत नाही. स्टिरॉइडची सुई दोन्ही खेळांत चोरून चालते. ती स्नायू वाढवते हे खरं. त्याबरोबर हृदयाची भिंत जाड करते, रक्तदाब चढवते आणि शरीराचं स्वतःचं पुरुषसंप्रेरक बंद पाडते. लग्न झाल्यावर मूल होत नाही म्हणून डॉक्टरांकडे जाणाऱ्यांत अशी पोरंही असतात. अलीकडे आणखी एक लबाडी आली आहे. शस्त्रक्रियेत भूल दिल्यावर उतरलेला रक्तदाब वर आणण्यासाठी मेफेंटरमाइन नावाचं इंजेक्शन असतं. ते व्यायामाआधी टोचून घ्यायचं फॅड राज्यात पसरलं. पोलिसांनी आणि अन्न व औषध प्रशासनानं त्यावर ठिकठिकाणी कारवाया केल्या. त्यानं स्नायू रतीभरही वाढत नाही. फक्त हृदय धडधडतं, आणि पोराला वाटतं जोर आला.

मुलींविषयी दोन शब्द. वजन उचललं की बाई पुरुषासारखी दिसायला लागते, हा समज खोटा आहे. स्त्रीच्या शरीरात ते संप्रेरक पुरुषाच्या मानानं फारच थोडं असतं. हाडं मजबूत होतात, ही मात्र खरी कमाई, आणि चाळिशीनंतर ती कामाला येते. उस्मानाबादची, म्हणजे आताच्या धाराशिवची, सारिका काळे खो-खोमध्ये २०२० साली अर्जुन पुरस्कारापर्यंत पोचली. तेव्हा मुलींना मैदान नवं आहे असं या जिल्ह्यात तरी कुणी म्हणू नये.

शेवटी राहिला तो प्रश्न, जो आमच्या भागातल्या दहातल्या आठ पोरांचा असतो. त्यांना ना मिस्टर एशिया व्हायचं असतं ना बेरीज वाढवायची असते. त्यांना पोलीस भरती व्हायचं असतं, आणि ते जिमला जातात. भरतीच्या मैदानात पुरुष उमेदवारांना १६०० मीटर पळणं २० गुणांना, १०० मीटर १५ गुणांना आणि गोळाफेक १५ गुणांना. छाती न फुगवता ७९ सेंटिमीटर आणि फुगवून पाच सेंटिमीटर जास्त लागते. ही पाच सेंटिमीटरची वाढ बेंच प्रेसनं येत नाही. ती बरगड्यांच्या लवचीकपणाची आणि श्वासाची असते, ती पळण्यानं आणि दीर्घ श्वासाच्या सरावानं येते. भरतीच्या आधी सहा महिने बल्किंग करून आठ किलो वाढवलेलं पोरगं १६०० मीटरला तिसऱ्या फेरीतच धापा टाकतं. गोळा ७.२६ किलोचा. तो लांब जातो मांड्या, कंबर आणि झटक्याच्या जोरावर. म्हणून अशा पोरांनी स्क्वॉट आणि डेडलिफ्ट बेताच्या वजनावर, पाच-पाच वेळा, आठवड्यातून दोनच दिवस करावं, पळण्याच्या दिवसाला लागून करू नये, आणि उरलेले दिवस पहाटेच्या रस्त्याला द्यावेत.